जामीनदाराची मुदत संपली तेव्हा

३० सप्टेंबर २०२१. ग्रीनिच वेळेनुसार दुपारचे दोन वाजून गेले आणि आमच्या एका जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटायला लागली: 'सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड', म्हणजे सर्टिफिकेटची, साइटच्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत संपली. हा सर्व्हर दर पाच मिनिटांनी एका भागीदार संस्थेच्या एपीआयकडे, म्हणजे यंत्रांनी यंत्रांशी बोलायच्या खिडकीकडे, नोंदी पाठवायचा. मी त्यांचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला. कुलूप जागेवर होतं आणि सर्टिफिकेटची मुदत नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत होती. तीच विनंती एका नव्या सर्व्हरवरून पाठवली तर उत्तर लगेच आलं. म्हणजे समोरच्यांचं काहीच संपलेलं नव्हतं. मग संपलं होतं ते काय?

जुन्या सर्व्हरवर ओपनएसएसएलची, म्हणजे सर्टिफिकेट तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची, एस-क्लायंट कमांड चालवली आणि पहिल्या चार ओळींतच उत्तर सापडलं. 'डेप्थ ३', त्यापुढे 'डीएसटी रूट सीए एक्स३', मग 'एरर नंबर १०', आणि शेवटी तारीख: ३० सप्टेंबर २०२१, १४ वाजून १ मिनिट १५ सेकंद. एका सर्टिफिकेटवर दुसऱ्याची सही अशी जी साखळी असते, तिच्या अगदी टोकाचं, रूट सर्टिफिकेट संपलं होतं. ते आमचं नव्हतं, भागीदाराचंही नव्हतं. ज्या सीएने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने, भागीदाराला सर्टिफिकेट दिलं होतं, तिचं स्वतःचंसुद्धा ते रूट नव्हतं. ते होतं तिच्या जामीनदाराचं.

लेट्स एन्क्रिप्टने आपला आधाराचा रूट कसा बदलला याचं हे प्रकरण. इतक्या मोठ्या पसाऱ्यात आणि इतक्या उघडपणे झालेला रूटबदल माझ्या पाहण्यात दुसरा नाही. बदल करणाऱ्यांनी बरंचसं बरोबर केलं. तरीही तो काही जणांना टोचला. कुणाला टोचला आणि कुणाला टोचायला हवा होता, हे नीट मांडावं म्हणून हे लिहितोय.

उसना विश्वास

लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत सर्टिफिकेट देणारी सीए. इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप, म्हणजे आयएसआरजी, ही ना-नफा संस्था ती चालवते. या संस्थेने आपलं रूट ४ जून २०१५ रोजी तयार केलं: आयएसआरजी रूट एक्स१, ४०९६ बिटांची आरएसए किल्ली, मुदत २०३५ पर्यंत. पहिलं सर्टिफिकेट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघालं आणि डिसेंबरमध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली.

रूटची किल्ली एका दिवसात तयार होते. जगाने ती मानायला मात्र वर्षं लागतात. रूट सर्टिफिकेट म्हणजे स्वतःच स्वतःवर केलेली सही. असं सर्टिफिकेट कुणीही घरबसल्या बनवू शकतो. ते कुणाच्या तरी ट्रस्ट स्टोअरमध्ये, म्हणजे उपकरणातल्या विश्वासू रूटांच्या यादीत, जाऊन बसतं तेव्हाच त्याला किंमत येते. मोझिला, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, गूगल, ओरॅकल यांचे रूट प्रोग्रॅम वेगवेगळे. प्रत्येकाकडे अर्ज करायचा, ऑडिटचे अहवाल द्यायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि थांबायचं. फायरफॉक्सने हे रूट २०१६ मध्ये ५०व्या आवृत्तीत घेतलं, अँड्रॉइडने ७.१.१ मध्ये. सगळ्या मोठ्या प्रोग्रॅमांची मान्यता पुरी व्हायला २०१८ चा उन्हाळा सरला. आणि मान्यता मिळाली तरी ती पुढच्या आवृत्तीपासून लागू होते. लोकांच्या खिशात आधीच असलेल्या फोनमध्ये ती मागाहून आपोआप जात नाही.

तीन वर्षं दुकान बंद ठेवून वाट पाहायची की काय? इथे कामाला आली ती क्रॉस-सही. आयडेनट्रस्ट या जुन्या सीएचं डीएसटी रूट सीए एक्स३ हे रूट ३० सप्टेंबर २००० पासूनचं, त्यामुळे ते जवळपास प्रत्येक उपकरणात होतं. आयडेनट्रस्टने लेट्स एन्क्रिप्टच्या मधल्या सर्टिफिकेटांवर, म्हणजे इंटरमीजिएटवर, या रूटने सही केली. परिणाम असा की लेट्स एन्क्रिप्टला न ओळखणारा फोनही आयडेनट्रस्टच्या शब्दावर तिचं सर्टिफिकेट मानू लागला. अगदी बँकेतल्या जामिनासारखं: बँक तुम्हाला ओळखत नाही, पण तुमच्यासाठी सही करणाऱ्याला ओळखते.

जामिनाला तारीख असते. ही तारीख पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होती: ३० सप्टेंबर २०२१.

दोन तऱ्हेचे वापरकर्ते

रूट बदलताना 'वापरकर्त्यांना हलवायचं' असं आपण सहज म्हणतो. पण सीएचे वापरकर्ते दोन तऱ्हेचे असतात आणि त्यांना हलवण्याच्या तऱ्हाही पार वेगळ्या असतात. पहिले सर्टिफिकेट घेणारे, म्हणजे साइट चालवणारे. दुसरे ते तपासणारे: ब्राउझर, फोन, दुसऱ्याच्या एपीआयला हाक मारणारे सर्व्हर, भिंतीवरचे कॅमेरे.

पहिल्यांना हलवणं लेट्स एन्क्रिप्टसाठी सोपं होतं, कारण तिने ती सोय सुरुवातीपासून करून ठेवली होती. सर्टिफिकेट तेव्हा फक्त ९० दिवसांचं आणि नूतनीकरण एसीएमई या प्रोटोकॉलने, म्हणजे यंत्रांनी आपसांत बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने, आपोआप. सीएने आज नवी साखळी द्यायला सुरुवात केली की तीन महिन्यांत साऱ्या साइट्स तिच्यावर आलेल्या असतात. बहुतेकांना कळतही नाही. ज्यांना वेगळी साखळी हवी त्यांच्यासाठी एसीएमईमध्ये पर्यायी साखळीची सोय आहे. सर्टिफिकेट आणून देणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रॅममध्ये पसंतीची साखळी सांगण्याचा एक पर्याय दिला की झालं.

अपवाद फक्त हाताने काम करणाऱ्यांचा. आमच्याकडे एका लोड बॅलन्सरवर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रावर, कुणीतरी इंटरमीजिएटची फाइल एकदा हाताने चिकटवून ठेवली होती. सर्टिफिकेट दर दोन महिन्यांनी नवं होत होतं, ही फाइल मात्र तशीच. तिच्यातल्या आर३ इंटरमीजिएटवर आयडेनट्रस्टची सही होती आणि त्या सहीची मुदत रूटच्याही एक दिवस आधी, २९ सप्टेंबरला संध्याकाळी संपत होती. त्या संध्याकाळी ब्राउझरमधून सगळं ठीक दिसत होतं, कारण काही ब्राउझर हरवलेलं किंवा संपलेलं इंटरमीजिएट स्वतःच दुसरीकडून मिळवतात. कर्ल या कमांडने मात्र सरळ नकार दिला. 'ब्राउझरमध्ये चालतंय' हा पुरावा धरू नये, हे मी त्या संध्याकाळपासून प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो.

दुसऱ्या तऱ्हेचे वापरकर्ते ही खरी अडचण. सीएकडे त्यांची यादी नसते, पत्ता नसतो. त्यांचा सीएशी करार नसतो, आणि बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. त्यांचा ट्रस्ट स्टोअर फोन बनवणाऱ्याच्या नाहीतर सिस्टिम सांभाळणाऱ्याच्या हातात. त्यांना साइटच्या मार्फत निरोप द्यावा तर तो निरोपही त्याच बंद दारातून जायचा असतो: साइट उघडतच नसेल तर 'फोन अपडेट करा' ही सूचना दाखवणार कुठे?

जुने फोन

लेट्स एन्क्रिप्टला स्वतःच्या रूटवर लवकर जायचं होतं. २०१९ मध्ये जाहीर केलेला पहिला बेत ८ जुलै २०१९ चा होता. तो ८ जुलै २०२० वर गेला, मग २९ सप्टेंबर २०२० वर, आणि मग ११ जानेवारी २०२१ वर. प्रत्येक वेळी कारण एकच: अँड्रॉइड. ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये आयएसआरजी रूट एक्स१ नव्हतं आणि ते तिथे पोचवण्याचा रस्ताही नव्हता. तेव्हाच्या अँड्रॉइडमध्ये ट्रस्ट स्टोअर सिस्टिमचाच भाग होता. सिस्टिमचं अपडेट फोन कंपनीने दिलं तरच यायचं, आणि चार वर्षं जुन्या स्वस्त फोनला ते कुणी देत नव्हतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्टने आकडे समोर ठेवले. चालू अँड्रॉइड फोनांपैकी ६६.२ टक्के ७.१ किंवा त्याहून नवे होते, उरलेले ३३.८ टक्के जुने. या जुन्या फोनांवरून साइट्सवर येणारी वर्दळ १ ते ५ टक्क्यांच्या आसपास होती. नवी तारीख आली की हे सगळे फोन लाखो साइट्सवर सर्टिफिकेटचा इशारा दाखवू लागणार होते. उपाय म्हणून फायरफॉक्स सुचवला गेला, कारण तो स्वतःचा ट्रस्ट स्टोअर बरोबर घेऊन येतो आणि तेव्हा अँड्रॉइड ५ पासून चालायचा.

त्या १ ते ५ टक्क्यांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. वर्दळीतला वाटा कमी म्हणजे माणसं कमी, असं नसतं. जुना फोन असलेला माणूस डेटा जपून वापरतो, म्हणून लॉगमध्ये तो लहान दिसतो. बहुतेकदा त्याचा तो एकच संगणक असतो. रुग्णालयाची वेळ, परीक्षेचा निकाल, नोकरीचा अर्ज, सगळं त्याच पडद्यावर. आमच्या स्वतःच्या लॉगमध्ये जुन्या अँड्रॉइडच्या ओळी शोधल्या तेव्हा त्या थोड्याच निघाल्या. पण एकेक पत्ता पाहत गेलो तर त्यातले बरेच जण आमच्या मदत केंद्राच्या पानांवर येणारे होते. ज्यांना आमची सर्वांत जास्त गरज, त्यांचाच रस्ता बंद होणार होता.

मुदत संपलेल्या जामीनदाराची सही

डिसेंबर २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्टने वेगळाच मार्ग जाहीर केला. पहिल्यांदा वाचला तेव्हा तो चालेल यावर माझा विश्वास बसला नव्हता.

अँड्रॉइडचा एक जुना, जाणूनबुजून ठेवलेला स्वभाव असा: ट्रस्ट स्टोअरमधल्या रूटची मुदत तो तपासत नाही. यात नियमभंग नाही. सर्टिफिकेटची साखळी कशी तपासावी हे सांगणाऱ्या आरएफसी ५२८० या इंटरनेटच्या मानकामध्ये विश्वासाचा टेकू म्हणजे मुळात एक नाव आणि एक सार्वजनिक किल्ली. ती माहिती सर्टिफिकेटच्या रूपात साठवलेली असली, तरी त्यावरची तारीख पाळायची की नाही हे तपासणाऱ्यावर सोपवलेलं आहे. अँड्रॉइडने ती न पाळण्याचं ठरवलं होतं.

मग आयडेनट्रस्टने डीएसटी रूट सीए एक्स३ च्या किल्लीने आणखी एक क्रॉस-सही केली. या वेळी इंटरमीजिएटवर न करता थेट आयएसआरजी रूट एक्स१ वर. या सहीची मुदत २० जानेवारी २०२१ पासून ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत. म्हणजे सही करणाऱ्याची स्वतःची मुदत २०२१ ला संपणार आणि त्याची सही आणखी तीन वर्षं चालणार. दोन्ही संस्थांनी हा बेत आपल्या ऑडिटरांना आणि रूट प्रोग्रॅमांना आधी दाखवून, हरकत नाही हे पाहून मगच पाऊल उचललं. ४ मे २०२१ पासून लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची साखळी अशी झाली: साइटचं सर्टिफिकेट, त्यावर आर३, त्यावर आयएसआरजी रूट एक्स१, आणि त्यावर सही डीएसटी रूट सीए एक्स३ ची.

जुना अँड्रॉइड ही साखळी टोकापर्यंत चढतो, तिथे ओळखीचं डीएसटी रूट भेटतं, तो तारीख पाहत नाही, दार उघडतं. नवा ब्राउझर मधेच आयएसआरजी रूट एक्स१ ओळखतो आणि तिथेच थांबतो, वरच्या सहीकडे पाहतही नाही. दोघेही खूश.

तिसराही एक होता.

जुन्या ओपनएसएसएलची वाट

ओपनएसएसएल १.०.२ ची साखळी बांधण्याची तऱ्हा अशी. सर्व्हरने जितकी सर्टिफिकेटं पाठवली तितकी ते आधी एकावर एक रचतं. ती संपली की शेवटच्यावर सही कुणाची हे पाहून तो सही करणारा स्वतःच्या ट्रस्ट स्टोअरमध्ये शोधतं. म्हणजे साइटचं सर्टिफिकेट, आर३, क्रॉस-सही असलेलं एक्स१ असं चढत ते डीएसटी रूटपाशी पोचतं. डीएसटी स्टोअरमध्ये सापडतं, साखळी पुरी झाली असं ते मानतं, आणि मग तारखा तपासायला घेतं. तारीख गेलेली. नकार.

आणि हे होत असताना आयएसआरजी रूट एक्स१ त्याच स्टोअरमध्ये, त्याच फोल्डरमध्ये, २०३५ पर्यंतच्या मुदतीसह बसलेलं असतं. एक पायरी खाली उतरून पाहिलं असतं तर भेटलं असतं. ओळखीचं रूट सापडलंच नाही तर हे जुनं ओपनएसएसएल दुसरी वाट शोधून पाहतं. सापडलं पण त्याची मुदत गेलेली आहे, अशा वेळी ते शोधत नाही. १.१.० पासून हा क्रम उलटा झाला: प्रत्येक पायरीवर आधी स्वतःच्या स्टोअरमध्ये पाहायचं, मग सर्व्हरने काय पाठवलंय ते.

म्हणून या दुखण्याचा इलाज ऐकायला विचित्र वाटतो. स्टोअरमध्ये काही घालायचं नाही, संपलेलं डीएसटी रूट काढून टाकायचं. ते नसलं की १.०.२ ची पहिली साखळी अपुरी राहते, ते दुसरी वाट शोधतं आणि एक्स१ पाशी पोचतं. ओपनएसएसएलच्या चमूने हा इलाज १३ सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे सतरा दिवस आधी लिहून प्रसिद्ध केला होता. सोबत आणखी दोन: क्लायंटमध्ये 'ट्रस्टेड फर्स्ट' हा पर्याय चालू करायचा, किंवा सर्व्हरने क्रॉस-सही नसलेली आखूड साखळी पाठवायची.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. ३० मे २०२० रोजी ॲडट्रस्ट एक्सटर्नल सीए रूट संपलं तेव्हा जुन्या ओपनएसएसएलने आणि ३.६.१४ च्या आधीच्या ग्नूटीएलएस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरने हुबेहूब हाच गोंधळ घातला होता. आम्हालाही तेव्हा थोडी झळ लागली होती. सोळा महिन्यांत आम्ही ती विसरलो.

आमच्या तयारीत नेमकी भेग कुठे होती ते सांगतो. आम्ही सर्टिफिकेट घेणारेही होतो आणि तपासणारेही. तयारी केली ती फक्त पहिल्या भूमिकेची. आमच्या साइट्स कुठल्या फोनवर उघडतात, कुठली साखळी पाठवायची, यावर बैठका झाल्या, चाचण्या झाल्या. आमचेच सर्व्हर बाहेर ज्यांना हाक मारतात त्यांचं सर्टिफिकेट कुणाचं आणि ते तपासणारं ओपनएसएसएल कुठलं, याची यादी कुणी केली नाही. बाहेर जाणारी जोडणी ही कुणाचीच जबाबदारी नव्हती.

आमच्याकडची साफसफाई

त्या रात्रीचा पहिला सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सचा, ओपनएसएसएल १.०.२. डीएसटी रूट काढून टाकणारं सीए-सर्टिफिकेट्सचं अपडेट त्याच सप्टेंबरमध्ये आलेलं होतं. आम्ही ते लावलं नव्हतं, इतकंच. लावलं, सेवा पुन्हा सुरू केली, नोंदी जायला लागल्या. उबुंटू १६.०४ च्या एका यंत्रावर हेच काम हाताने केलं. इटीसी फोल्डरमधल्या सीए-सर्टिफिकेट्सच्या कॉन्फ फाइलमध्ये प्रत्येक रूटची एक ओळ असते. डीएसटी रूटच्या ओळीच्या सुरुवातीला एक उद्गारचिन्ह घातलं आणि अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवलं. एकवीस वर्षं साऱ्या जगाने मानलेलं एक रूट त्या यंत्रापुरतं एका उद्गारचिन्हाने गेलं. ती फाइल मी अजून जपून ठेवलीय.

त्याच यंत्रावरची एक पायथनची स्क्रिप्ट तरीही रडत राहिली. अर्धा तास गेल्यावर लक्षात आलं की ती सिस्टिमच्या स्टोअरकडे बघतच नव्हती. तिच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात, सर्टिफाय नावाचं पॅकेज होतं आणि त्याच्या पोटात रूट सर्टिफिकेटांची वेगळीच फाइल. सर्टिफायने डीएसटी रूट काढलं ते ऑक्टोबर २०२१ च्या आवृत्तीत. आम्ही त्या रात्री फाइल हाताने दुरुस्त केली आणि पुढच्या आठवड्यात पॅकेज बदललं.

मग कंटेनर, म्हणजे इमेज नावाच्या तयार साच्यातून चालणारे बंद डबे. खालचं यंत्र अपडेट झालं म्हणजे आतला कंटेनर झाला असं होत नाही. प्रत्येक इमेजच्या आत स्वतःचा ट्रस्ट स्टोअर असतो, ती इमेज ज्या दिवशी बांधली त्या दिवसाचा. काही इमेज पुन्हा बांधल्या की काम झालं. एक इतकी जुनी निघाली की तिच्यात आयएसआरजी रूट एक्स१ मुळातच नव्हतं. तिथे डीएसटी काढून टाकल्यावर उरलं काहीच नाही, आणि एरर बदलून 'इश्यूअर सापडत नाही' असा झाला. आधी एक्स१ घालायचं, मग डीएसटी काढायचं, हा क्रम तिथे शिकलो.

सर्वांत गंभीर गोष्ट आम्हाला तीन आठवड्यांनी सापडली. त्या रात्री घाईत एका सेवेमध्ये सर्टिफिकेटची तपासणीच बंद करण्यात आली होती. एक ओळ, 'व्हेरिफाय'पुढे 'फॉल्स'. सेवा सुरू झाली, तक्रारीचं तिकीट बंद झालं, आणि त्यानंतर ती सेवा समोर कोण आहे हे न पाहता ग्राहकांच्या नोंदी पाठवत राहिली. मधे कुणी बसलं असतं तर कळलं नसतं. मुदत संपलेल्या रूटने आमचं काम काही तास थांबवलं होतं. या एका ओळीने तीन आठवडे आमच्या ग्राहकांना उघड्यावर ठेवलं. ज्याने ती घातली त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रात्री अकराला त्याच्यापुढे दुसरा लिहिलेला उपाय नव्हता आणि तो लिहून ठेवणं आमचं काम होतं. आता प्रत्येक बदल एकत्र करण्याआधी तपासणी बंद करणाऱ्या ओळी शोधणारा नियम आमच्याकडे चालतो. तो अडला तर बदल पुढे जात नाही.

कुणावर ओझं टाकायचं

लांब साखळी पाठवली तर जुने फोन वाचतात आणि जुनं ओपनएसएसएल मोडतं. आखूड पाठवली तर उलट. दोघांनाही सांभाळणारी साखळी नव्हतीच. तेव्हा बऱ्याच सिस्टिम सांभाळणाऱ्यांनी लेट्स एन्क्रिप्टवर राग काढला: आमचे सर्व्हर तुम्ही मोडलेत. त्या रात्री माझ्याही मनात ते आलं.

आज मला ती निवड पूर्णपणे योग्य वाटते. ओपनएसएसएल १.०.२ चा सार्वजनिक आधार ३१ डिसेंबर २०१९ लाच संपला होता. ज्या सर्व्हरवर ते चालत होतं त्या प्रत्येकामागे एक पगारी माणूस होता, ज्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड होता आणि एक फाइल बदलण्याचा अधिकार होता. जुन्या फोनमागच्या माणसाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याला ट्रस्ट स्टोअर म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि माहीत असतं तरी करता येण्यासारखं फारसं नव्हतं. त्रास दोघांपैकी एकाला होणारच होता. तो निस्तरता येईल अशाला झाला.

एक तक्रार मात्र उरते. नेहमीची साखळी कुठली असावी हे सीएने ठरवलं, पण पर्यायी साखळी आहे आणि कुणी ती घ्यावी, हे ज्यांना समजायला हवं होतं त्यांच्यातल्या फार थोड्यांपर्यंत पोचलं. ज्या साइटवर फोन येतच नाहीत, फक्त सर्व्हर येतात, अशा एपीआयसाठी आखूड साखळीच बरी होती. आमच्या भागीदाराने ती घेतली असती तर आमचा जुना सर्व्हर त्या दिवशी थांबला नसता. त्यांना हे ठाऊक नव्हतं, आम्हीही त्यांना विचारलं नव्हतं. आम्ही नंतर आमच्या यंत्राशी बोलणाऱ्या एपीआयवर आखूड साखळी लावली आणि लोकांसाठीच्या साइट्सवर लांब ठेवली. दोन वेगळ्या गिऱ्हाइकांसाठी दोन वेगळ्या साखळ्या. हे करायला एक दुपार लागली.

जामीन सुटला

दुसरा जामीन संपायच्या वेळी घाई झाली नाही. जुलै २०२३ मध्ये लेट्स एन्क्रिप्टने पुढचा बेत जाहीर केला तेव्हा एक्स१ मानणाऱ्या अँड्रॉइड फोनांचं प्रमाण ६६ वरून ९३.९ टक्क्यांवर आलेलं होतं. त्या तीन वर्षांत कुणाचाही फोन दुरुस्त झाला नव्हता. लोकांनी आपल्या वेळेने, आपल्या ऐपतीप्रमाणे नवे फोन घेतले आणि रूट त्यांच्याबरोबर आलं. क्रॉस-सहीने मिळवला तो एवढाच वेळ. शिवाय अँड्रॉइड १४ पासून ट्रस्ट स्टोअर सिस्टिमच्या मोठ्या अपडेटशिवायही बदलता येऊ लागला, त्यामुळे तो जुना अडसर पुढच्या फोनांना नडणार नाही.

तारखा उलट्या मोजून लावल्या होत्या. ८ फेब्रुवारी २०२४ पासून क्रॉस-सही नेहमीच्या साखळीतून गेली, ज्याला हवी त्याला मागून मिळत होती. ६ जून २०२४ पासून मागूनही मिळेना. त्याआधी घेतलेलं शेवटचं सर्टिफिकेट ९० दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपणार. क्रॉस-सही संपत होती ३० सप्टेंबरला. मधे तीन आठवड्यांची मोकळी जागा. हँडशेकमध्ये, म्हणजे जोडणी सुरू होतानाच्या देवाणघेवाणीत, जाणारा सर्टिफिकेटांचा भार चाळीस टक्क्यांहून जास्त हलका झाला, कारण रोज प्रत्येक जोडणीत पाठवलं जाणारं ते जादा सर्टिफिकेट आता नव्हतं.

आम्ही लांब साखळी एप्रिल २०२४ मध्ये सोडली. आधी लॉगमधून जुन्या अँड्रॉइडच्या ओळी पुन्हा काढल्या. मदत केंद्राच्या पानांवर अजूनही काही होत्या. त्या फोनांना फेब्रुवारीपासून पानाच्या माथ्यावर साध्या भाषेत एक पट्टी दाखवत होतो: अमुक तारखेनंतर हे पान या फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणार नाही, फायरफॉक्स घेतलात तर उघडेल, आणि हा आमचा फोन नंबर. दार उघडं असतानाच निरोप द्यायचा, एवढं आम्ही २०२० च्या त्या पेचातून उचललं होतं. पट्टी वाचून फोन करणारे थोडेच होते, पण होते.

३० सप्टेंबर २०२४ चा दिवस आमच्याकडे कुठल्याही लॉगमध्ये दिसला नाही.

लेट्स एन्क्रिप्टने सप्टेंबर २०२० मध्येच दुसरं रूट तयार करून ठेवलंय, आयएसआरजी रूट एक्स२, पी-३८४ वक्रावरची ईसीडीएसए या वेगळ्या प्रकारची किल्ली. तेही बाळपणी कुणाच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून त्याच्यावर क्रॉस-सही आहे. या वेळी जामीन राहिलंय एक्स१. एक्स१ ची मुदत ४ जून २०३५ रोजी ग्रीनिच वेळेनुसार ११ वाजून ४ मिनिटं ३८ सेकंदांनी संपते. आमच्या कामाच्या कॅलेंडरात ती वेळ नोंदवलेली आहे, आणि तिच्याखाली आमच्या यंत्रणेत ट्रस्ट स्टोअर कुठे कुठे आहेत याची यादी जोडलेली आहे: सर्व्हर, इमेज, पायथनची पॅकेजं, आणि हाताने चिकटवलेल्या फाइली. शेवटच्या रकान्यात सध्या एकही नोंद नाही.